दस्तुर पुतळी

माझ्या हातून काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शहाणी समजायला नको. मी माझ्या पणजीचा खोटा फोटो बनवला.

मी श्रुतिका तांडेल. राहणार डहाणू, धंदा सुकी मासळी. माझी पणजी, आजी टोपलीतून विकायच्या तेच मी मोबाईलवरून विकते. 'डहाणूची सुकट' हे माझं पान बासष्ट हजार लोक बघतात. वापीची रुपलबेन दर महिन्याला दोन किलो बोंबील मागवते आणि दर वेळी विचारते, "वास तो नहीं आवे ने?" बोंबलाला वास नाही येणार तर काय काकडीला येणार? पण मी "ना बेन, ना" असं लिहिते आणि खाली एक फूल टाकते. धंदा आहे.

नुसती मासळी दाखवून लोक थांबत नाहीत, त्यांना गोष्ट लागते. आणि आमच्या घरात एक गोष्ट तयार होती. कमळी आत्याची.

कमळी आत्या म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. बाबा तिला आत्या म्हणतात म्हणून आम्हीही सगळे आत्याच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. पन्नास वर्षं मासळी बाजारात खांबाला टेकून एकाच जागेवर बसलेली. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, पण तिची आई पुतळी, म्हणजे माझी पणजी, हिला येत होतं असं ती आयुष्यभर सांगत आली. वेरावळ-पोरबंदरला बोटींवर गेलेल्या खलाशांची पत्रं यायची, ती पुतळी आळीतल्या बायकांना वाचून दाखवायची. "नवऱ्यान् काय लिवलाय ते आधी माझे आयेला कळायचा, मंग बायकांना," असं आत्या ऐटीत सांगायची. पुतळीच्या हातचं एक अक्षरसुद्धा घरात उरलेलं नव्हतं. होता तो फक्त आत्याचा शब्द.

मी त्या शब्दाचं रील केलं. फोटो नव्हता, म्हणून एका अॅपला सांगितलं की नव्वद वर्षांपूर्वीची कोळ्याची मुलगी दाखव, हातात पाटी, मागे वाळत घातलेले बोंबील. दहा सेकंदांत चित्र आलं, पिवळट, कडा फाटलेलं, इतकं झकास की मलाच ती पणजी वाटायला लागली. खाली लिहिलं, 'माझी पणजी पुतळी, शाळेत जाताना.' तीन लाख लोकांनी बघितलं.

चूक पकडली आमच्या आळीतल्या संगिताने. तिचा फोन आला. "अगो श्रुतिका, तुझे बोंबील शेपटीने टांगलेत!"

बघते तर खरंच. आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. डोकी वर, शेपट्या खाली. आमच्याकडच्या चार वर्षांच्या पोरीलाही हे येतं. त्या फोटोत मात्र झाडून सगळे बोंबील शेपटी वर आणि डोकं खाली, दोरीवरच्या पँटींसारखे लटकत होते. आणि मी, जन्मापासून मासळीत वाढलेली, पणजीच्या डोळ्यांतलं तेज बघत बसले होते.

मग काय, लोकांना कोलीतच मिळालं. 'फोटो फेक.' 'पणजी पण फेक.' 'त्या काळी कोळ्यांच्या मुली टोपली घेऊन जायच्या, पाटी नाही.' मी घाबरून रील काढून टाकलं, आणि ते तर आणखी वाईट झालं. काढलं म्हणजे सगळंच खोटं होतं, असा शिक्का बसला.

मला चार दिवस शिव्या पडल्या असत्या आणि लोक विसरले असते. पण गोष्ट बाजारात पोचली. संगिता मनाची वाईट नाही, तोंडाची मात्र मिरची आहे. भर बाजारात ती आत्याला म्हणाली, "काय गो कमळी मावशी, आईचा फोटो मोबाईलने काढला, तशी शाळा पण मोबाईलनेच काढली का?"

सगळा बाजार हसला. आत्याने पदर खोचला. उठली, टोपली आवरली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला तेव्हा तिच्या खांबाजवळ कोणीतरी बर्फाची पेटी आणून ठेवली. माझ्याशी ती एकच वाक्य बोलली.

"माझे आयेला तू खोटी केलीस."

मग बोलणंच बंद.

तीन लाख लोकांनी नावं ठेवली तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. जो शब्द तिने जन्मभर जपला तो मी दहा सेकंदांत नासवला होता. आता तो परत खरा करून द्यायचा, आणि कोणालाही बोट दाखवता येणार नाही असा कागद आणून द्यायचा. आत्या आहे तोवर. नंतर आणून काय उपयोग?

पहिल्यांदा अर्थातच मोबाईलच उघडला. वंशावळ शोधून देणारं एक अॅप आहे. त्याने आधी आडनाव विचारलं, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव 'द्यायचं असल्यास'. बाबांना विचारून भरलं. पुतळी, वडील गोविंद, माहेरचं आडनाव मेहेर. अॅपने बराच वेळ चक्र फिरवलं आणि ओडिशातली एक पुतळी माझी नातेवाईक असू शकते असं कळवलं.

मग डहाणूतल्या एका जुन्या शाळेत गेले. मुलं शाळेत कधी आली आणि कधी गेली याची नोंद दाखल-खारीज रजिस्टरात असते, आणि हे रजिस्टर शाळा कधीच फेकत नाहीत. तीन सकाळी तिथे बसले. कोळ्यांची मुलं होती. मुलगी एकही नव्हती.

"नसेल गो," बाबा म्हणाले. माझे बाबा विष्णू तांडेल, बोटीचं इंजिन उघडून बसलेले, हात कोपरापर्यंत काळे. "आत्याला वाटत असेल तसं. लहान पोरांना आपली आई काय, विमान चालवते असंपण वाटतं."

बाबांनाही ते खरं वाटत नव्हतं तर! मी चहा घेऊन आत्याकडे गेले. ती ओट्यावर जाळं निवडत बसली होती. मी सांगितलं, डहाणूच्या शाळेत नाव नाही. तिने चहाला हात लावला नाही. मी उठणार एवढ्यात म्हणाली, "आयेला पोहता येत नव्हता."

"म्हणजे?"

"दर्याकडला पोर पोहल्याबिगर ऱ्हातं काय? जरा डोकं लाव. सगला त्या डबड्यालाच इचारशील?"

डबडं म्हणजे माझा सत्तावीस हजारांचा फोन. पण बोलली तरी! मी तशीच धावत बाबांकडे गेले. ही पोहण्याची गोष्ट ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला.

"हां, ऐकलंय मी. पुतळीचा बाप गोविंद बोटीवर गेला तो आलाच नाही. मग तिच्या आईने, रूपीने, पोरीला पाण्याजवळ ठेवलंच नाही. रूपी सुकी मासळी घेऊन आत रानपट्ट्यात, उधव्याच्या बाजाराला जायची. महिनोन् महिने तिकडेच, एका वारली घराच्या पडवीत. पुतळी एकदम लग्नालाच दर्यावर आली."

म्हणजे मी समुद्रात रानडुक्कर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरी गाठली आणि हायवेवरून उधव्याची जीप धरली. बाजाराजवळ जुनी शाळा होती. मुख्याध्यापिका उन्नती मॅडम, चष्मा कपाळावर, मराठी बोलताना मध्येच गुजरातीत शिरणाऱ्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं, कपाटातून तांबड्या कापडात बांधलेली तीन रजिस्टरं काढली आणि हात पुढे केला.

"मोबाईल द्या. जुन्या रजिस्टरचा फोटो काढायचा नाय. बसा, वाचा, आणि जाताना फोन घेऊन जा."

फोन कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागलं तेव्हा मी दोनदा वळून बघितलं, खोटं कशाला बोलू? पण बसले. बोट ठेवलं आडनावाच्या रकान्यावर आणि खाली निघाले. मेहेर आहे का? नाही. मेहेर? नाही. पान उलट. चाळीस मिनिटांत तिन्ही रजिस्टरं संपवली.

"नाही मिळालं," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वाचलं की शोधलं?"

"शोधलं."

"मग उद्या वाचायला या."

मला असा राग आला! ही बाई कोण मला शिकवणारी, मी काय चौथीतली आहे? जीपमध्ये फोन उघडला. एक्केचाळीस मेसेज. त्यातले पस्तीस वाचले आणि तलासरीला उतरताना त्यातला एकही आठवेना. तेव्हा मात्र राग उतरला. मॅडमनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

धंदा सोडून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सगळ्या ऑर्डरी बांधल्या, पत्ते चिकटवले आणि पानावर एक निरोप लावला, 'आज चारपर्यंत उत्तर मिळणार नाही. वाचते आहे.' बासष्ट हजारांत फक्त रुपलबेनने विचारलं, "शुं वांचे छे?" मी लिहिलं, 'संध्याकाळी सांगते,' आणि मॅडमनी मागायच्या आत फोन त्यांच्या टेबलावर ठेवला.

या वेळी पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सुरुवातीला अंगठा कागदावरून आपोआप वर सरकायचा, पान पुढे जावं म्हणून. मलाच हसू आलं. तासाभराने अंगठा शहाणा झाला. मास्तरांचं तिरकं अक्षर लागायला लागलं आणि नावांमागची पोरं दिसायला लागली. रामू, पालकाचा धंदा गुरे राखणे, शाळा सोडण्याचे कारण 'गुरे राखणे'. धाकली नावाची एक मुलगी सोमवारी दाखल आणि शुक्रवारी खारीज, कारणाच्या रकान्यात काहीच नाही. तिचं काय झालं असेल, या विचाराने मी ती ओळ सोडून पुढे जाईना. कित्येक मुलांना आडनावच नव्हतं. तो रकाना पानंच्या पानं कोरा होता, आणि काल मी नेमका तोच रकाना बघत बसले होते.

दुपारी दीडच्या सुमाराला, दुसऱ्या रजिस्टरात, ती ओळ आली.

नाव, पुतळी. आडनाव कोरं. पालकाचे नाव, रूपी. धंदा, सुकी मासळी विकणे. राहणार डहाणू, हल्ली उधवा बाजार. वय अदमासे आठ.

मी ती तीनदा वाचली. मास्तरांना गोविंद कोण, मेहेर कोण, काय माहीत? त्यांना बाजारात बसणारी रूपी माहीत होती. रूपीची पुतळी, झालं. आमच्या बाजारात आजही पोरांना आईच्या नावानेच ओळखतात. मला लहानपणी कोणी विष्णूची म्हटलं नाही, सगळ्या बायका सुलोचनाची श्रुतिकाच म्हणायच्या. तेवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही, कारण अॅपने आईचं नाव 'द्यायचं असल्यास' म्हटलं होतं.

"मॅडम!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

मॅडम आल्या, वाकून बघितलं आणि पुढच्या रकान्यांवरून बोट नेलं. तिसरी पास. १९३८ साली खारीज. कारण, 'आईस धंद्यात मदत.' सगळ्यात शेवटी दाखला मिळाल्याची पालकाची सही. तिथे एक जांभळा अंगठा होता, फिकट पण रेषा न् रेषा उमटलेली. रूपीचा. अंगठ्याभोवती काही शब्द लिहिलेले होते, पण ते मास्तरांच्या तिरक्या अक्षरात नव्हते. मोठी, गोल, एकेक सुटी काढलेली अक्षरं. 'निशाणी अंगठा रूपी.' आणि खाली, 'द. पुतळी.'

"द म्हणजे?" मी विचारलं.

"दस्तुर," मॅडम हळूच म्हणाल्या. "ज्याला सही येत नाही तो अंगठा देतो. मग तो कोणाचा, ते दुसऱ्या कोणीतरी बाजूला लिहायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. एरवी मास्तरच लिहितात. इथे मास्तरांनी पोरीलाच लिहायला लावलंय."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. आई पोरीचं नाव शाळेतून काढायला आली होती. आईला सही येत नव्हती. मग त्या अकरा वर्षांच्या पोरीने पेन घेतलं आणि स्वतःचीच शाळा सुटल्याच्या कागदावर, आईच्या अंगठ्याशेजारी, अगदी नीट अक्षरात लिहून दिलं. एकाही अक्षराचा पाय मोडलेला नव्हता. मी तिथेच रडले. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि रजिस्टर माझ्या डोळ्यांखालून जरा लांब ओढलं, पान भिजायला नको म्हणून.

फोटो मिळणार नव्हता, आणि गंमत म्हणजे मला तो नकोही होता. मॅडम म्हणाल्या, रीतसर अर्ज द्या, शाळेच्या शिक्क्याचा उतारा देते. अर्ज दिला. संध्याकाळी घरी येऊन आत्यासमोर बसले आणि ओळ पाठ म्हणून दाखवली, आडनाव कोरं, पालक रूपी, सगळी. ती ऐकत राहिली. दस्तुरपर्यंत आले तेव्हा तिचे हात जाळ्यावर थांबले.

"मना दाखव," ती म्हणाली. "आधी मना. जगाला मंग."

आठवड्याने उतारा तयार झाल्याचा फोन आला. मी आत्याला घेऊन निघाले. नवं लुगडं, डोक्यात अबोली, हातात सुक्या मांदेलीची पिशवी, बाईंना द्यायला. बसमध्ये खिडकीशी बसून ती मला रस्ता दाखवत होती. लग्नाआधी ती आईबरोबर या बाजूला टोपली घेऊन पायी आलेली. रानशेतला पाणी प्यायचं, अमक्या चिंचेखाली टोपली उतरवायची. चिंच आता नव्हती. हायवे लागल्यावर तिला रस्ता ओळखू येईना.

शाळेत उन्नती मॅडमनी रजिस्टर उघडून तिच्यासमोर ठेवलं. आत्याने पदराला हात पुसले आणि वाकून बराच वेळ बघितलं. तिने आपला अंगठा त्या जांभळ्या अंगठ्यावर धरला, कागदाला न लावता, बोटभर वर.

"आजीचा बारीक हाय," ती म्हणाली. मग त्या गोल अक्षरांकडे बोट नेलं. "आन् ह्ये आयेचा?"

"हो. हा पु, हा त, हा ळी."

"मना शिकवाया बसायची ती, रोज. मी पलायची. पोरांसंगती दर्यावर पलायची." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही. "आता कोन शिकवनार?"

मी शिकवेन असं मी म्हणाले. ती माझ्याकडे बघून रडता रडताच हसली. ऐंशीनंतर शाळेत नाव घालणार का माझं, म्हणाली. मी म्हटलं, घालते की, पालक म्हणून माझं नाव लिहीन.

मॅडमनी शिक्क्याचा उतारा तिच्या हातात दिला. तिने तो घडी न घालता दोन्ही हातांत धरला. "ह्यो उद्या मी संगिताला वाचाया देनार," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच, म्हननार. आन् त्या बर्फाच्या पेटीवाल्याला सांग, माझी जागा मोकली कर."

निघताना मॅडमनी भेटपुस्तक पुढे केलं. शाळेत येऊन गेलेल्या पाहुण्यांनी त्यात सही करायची असते. आत्याने सवयीने अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला. मॅडम शेजारी लिहायला लागणार, तोच आत्याने हात आडवा केला.

"थांबा बाय. ही लिवेल."

पेन माझ्या हातात आलं. पेनने सलग काही लिहून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. अक्षर वाकडं आलं, पणजीपेक्षा कितीतरी वाईट. तरी एकेक शब्द सुटा काढत लिहिलं, 'निशाणी अंगठा कमळी.' खाली लिहिलं, 'द. श्रुतिका.'

"काय लिवलंस? वाच."

मी वाचून दाखवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं, अक्षरांखालून बोट नेत. आत्याने ते बोट आणि ती अक्षरं नीट बघून घेतली.

"हां," ती म्हणाली. "आता खरी केलीस."